टेकले, पण थांबले नाही

अमेरिकेच्या नागरी विमान नियमांत एक लहानशी तरतूद आहे. वैमानिकाला आपल्या छोट्या विमानातून प्रवासी न्यायचे असतील, तर आधीच्या 90 दिवसांत त्याने तशा विमानातून तीनदा उड्डाण आणि तीनदा लँडिंग केलेले असले पाहिजे. दिवसाउजेडी, नेहमीच्या विमानासाठी, हे लँडिंग पूर्ण करण्याची सक्ती नाही. चाके धावपट्टीला टेकली आणि लगेच इंजिनाची सगळी ताकद लावून विमान पुन्हा हवेत गेले, तरी ते मोजले जाते. वैमानिकांच्या भाषेत हा 'टच अँड गो'. पण विमानाचे तिसरे चाक शेपटीखाली असेल, तर नियम बदलतो. मग तिन्ही वेळा विमान धावपट्टीवर पूर्ण थांबलेच पाहिजे. वरवर पाहता ही कलमातली बारीकशी भर आहे, पण तिच्यात मोठी कबुली आहे: काही विमानांच्या बाबतीत टेकणे म्हणजे उतरणे नव्हे, थांबणे म्हणजे उतरणे. ही कबुली चाक शेपटीखाली असो की नाकाखाली, प्रत्येक छोट्या विमानाला लागू आहे, असे माझे म्हणणे आहे. टेकण्यापासून थांबण्यापर्यंतचे ते पंधरा-वीस सेकंद उड्डाणाचाच भाग आहेत, त्यांचे कौशल्य वेगळे आहे, आणि आपण वैमानिक घडवतो त्या पद्धतीत नेमके तेच सेकंद गाळले जातात.

जमिनीवर विमान हाताबाहेर जाते तेव्हा बाहेरून पाहणाऱ्याला फार थोडे दिसते. विमान धावपट्टीवर सरळ धावत असते. नाक किंचित एका बाजूला वळते, वैमानिक सावरायला जातो, वळण वाढते, आणि दोन-तीन सेकंदांत विमान गर्रकन फिरून धावपट्टीच्या कडेला, कधी तर आल्या दिशेला तोंड करून, उभे राहते. वळणाच्या बाहेरच्या बाजूचा पंख खाली झुकून जमिनीला घासतो, त्या बाजूच्या चाकाचा पाय आडव्या ताणाने मोडतो, प्रोपेलरची पाती वाकतात. याला 'ग्राउंड लूप' म्हणतात. अपघातांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीतही जमिनीवर ताबा सुटण्याचा वेगळा प्रकार धरलेला आहे. हवेत ताबा सुटणे निराळे, जमिनीवर सुटणे निराळे.

याचे मूळ वैमानिकाच्या चुकीत शोधण्याआधी विमानाच्या रचनेत शोधावे लागते. शेपटीखाली चाक असलेल्या विमानात दोन मुख्य चाके पुढे असतात आणि विमानाचा गुरुत्वमध्य त्यांच्या मागे. सामानाने भरलेली हातगाडी पुढे होऊन ओढली, तर ती मुकाट मागून येते. तीच मागून ढकलत नेली, तर क्षणाक्षणाला सांभाळावी लागते. ओळंबा कितीही हलवला तरी तो पुन्हा सरळ लटकतो, पण बोटावर उभी धरलेली काठी सतत सावरली नाही तर पडतेच. शेपटीचे चाक असलेले धावते विमान या काठीच्या जातीचे आहे. नाक जरा डावीकडे वळले की जमिनीला धरलेली चाके पुढचा भाग डावीकडे ओढतात, मागचे वजन मात्र जुन्याच दिशेने धावू पाहते, आणि शेपटी उजवीकडून पुढे यायला लागते. वळण जितके वाढेल तितका हा जोर वाढतो. म्हणजे चूक जिथल्या तिथे थांबत नाही, ती स्वतःलाच वाढवते. सुरुवातीला पायाच्या हलक्या दाबाने जे सावरले असते, ते एका सेकंदानंतर पूर्ण पेडल दाबूनही सावरत नाही. काळजी घ्या एवढे सांगून इथे भागत नाही, कारण काळजीला पुरेसा वेळच उरलेला नसतो. लागते ती आधीच पायात भिनलेली सवय.

यात वाऱ्याची भर पडते, आणि तिचा हिशेब जरा सावकाश मांडायला हवा, कारण सगळा गैरसमज तिथेच आहे. वेग कमी झाला की धोका कमी झाला, असे आपण रस्त्यावरच्या अनुभवावरून धरून चालतो. मोटारीच्या बाबतीत ते खरे आहे. पायाच्या पेडलने फिरणारे विमानाच्या शेपटीवरचे सुकाणू, ज्याला रडर म्हणतात, ते मात्र हवेच्या झोतावर चालते, आणि त्याची ताकद वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते: वेग निम्मा झाला की ताकद चौथा हिस्सा. आडवा वारा मात्र विमानाच्या वेगाबरोबर कमी होत नाही. तो होता तेवढाच वाहत असतो. समजा, धावपट्टीला काटकोनात 15 नॉटचा, म्हणजे ताशी साधारण 28 किलोमीटरचा, वारा आहे. विमान 60 नॉटने धावत असताना त्याला लागणारी एकूण हवा नाकापासून साधारण 14 अंश बाजूने येते. वेग 30 नॉटवर आला की तीच हवा 27 अंशांवरून येते, आणि 15 नॉटवर पूर्ण 45 अंशांवरून. विमानाची उभी शेपटी देवळावरच्या झेंड्यासारखी वाऱ्यामागे जाऊ पाहते, म्हणून नाक वाऱ्याकडे वळते. वैमानिकाच्या हातातले साधन दुबळे होत जाते तसतशी वाऱ्याची पकड अधिक तिरकी होत जाते. चाके आणि ब्रेक त्याच्या मदतीला येतात खरे, पण विमानाचे वजन पंखांवरून चाकांवर पुरते उतरल्यावर. अगदी टेकल्याटेकल्या वजनाचा बराचसा भाग पंखच पेलत असतात, तेव्हा टायरना धड पकड नसते. हवेतले नियंत्रण सरते आहे आणि जमिनीवरचे अजून यायचे आहे, अशा त्या मधल्या पट्ट्यात विमान सर्वात अनाथ असते. आणि नेमके तेव्हाच, चाके टेकली म्हणून, वैमानिकाचा जीव भांड्यात पडतो. हत्ती गेला आणि शेपूट राहिले ही म्हण इथे शब्दशः लागू पडते.

मग विमानविद्येच्या पहिल्या तीन-चार दशकांत, जेव्हा जवळपास सगळी विमाने शेपटीवरच टेकत, तेव्हा हा प्रश्न इतका बोचला कसा नाही? उत्तर विमानात नाही, मैदानात आहे. तेव्हा बहुतेक ठिकाणी धावपट्ट्या नव्हत्या, गवताची मोकळी मैदाने होती. वारा जिकडून येईल तिकडे तोंड करून उतरायचे, म्हणजे आडव्या वाऱ्याचा प्रसंगच कमी. गवतावर चाके थोडी घसरत, त्यामुळे बाजूची चूक माफ होई. 'टायगर मॉथ'सारख्या विमानाला मूळ रचनेत ब्रेक नव्हते, आणि शेपटीखाली चाकाऐवजी जमिनीत रुतत जाणारी एक पट्टी असे. ती नांगराच्या फाळासारखी शेपटीला मागे धरून ठेवी. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे ज्या जुहूवर उतरले, ते असेच समुद्राकाठचे मैदान होते. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई आणि विमानसेवेचे काम पुण्याला हलवावे लागे. पुढे विमाने जड झाली, वेग वाढले, आणि मैदानांच्या जागी ठरावीक दिशेच्या डांबरी आणि काँक्रीटच्या धावपट्ट्या आल्या. आता वारा कोणीकडूनही असो, उतरायची दिशा दोनच. वर खडबडीत डांबर टायरला घट्ट धरते, बाजूला घसरू देत नाही. ग्राउंड लूपची प्रवृत्ती विमानात पहिल्यापासून होती. तिला पुरते मोकळे रान धावपट्टीने दिले. आधुनिकीकरणाने एक अडचण सोडवताना दुसरी जागी केल्याचा हा नमुना मला फार बोलका वाटतो, कारण त्याची किंमत वैमानिकाच्या पायांनी मोजली आणि नोंद मात्र 'वैमानिकाची चूक' अशी झाली.

दुसऱ्या महायुद्धातल्या नामांकित लढाऊ विमानांनी ती किंमत दाखवून दिली. जर्मनीच्या मेसरश्मिट 109 विमानाच्या चाकांचे पाय पंखांऐवजी धडाला जोडलेले होते, चाकांमधले अंतर कमी होते, आणि नवशिक्यांच्या हातून ते टेकताना आणि उडताना अनेकदा फिरे. ब्रिटनच्या स्पिटफायरचीही चाके जवळजवळ होती, तर त्याच काळातल्या हरिकेनची चाके लांब लांब होती आणि ते जमिनीवर अधिक सोशिक मानले जाई. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी 'एचटी-2' हे प्रशिक्षण विमान घडवले. घाटगे मूळचे कोल्हापूरकडचे, आणि जर्मनीत गॉटिंगेनला वायुगतिकीतज्ज्ञ लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले. 1951 मध्ये पहिल्यांदा उडालेले हे विमानही शेपटीच्या चाकाचेच होते. नंतर देशभरच्या फ्लाइंग क्लबांत दिसणारे 'पुष्पक' तसेच. त्या पिढीतल्या भारतीय वैमानिकांना पहिल्या धड्यापासून पायांवर लक्ष ठेवावे लागे, कारण न ठेवणाऱ्याला विमान लगेच जाब विचारी.

अमेरिकेत मात्र तोवर वेगळा विचार रुजला होता, आणि त्याचा सर्वात निर्भीड प्रतिनिधी फ्रेड वाइक हा अभियंता होता. सामान्य माणसाला सुरक्षितपणे उडवता यावे म्हणून त्याने 1930 च्या दशकात 'एरकूप' हे दोन आसनी विमान रचले. त्याला नाकाखाली चाक होते आणि रडरचे पेडल नव्हतेच. रडर पंखांवरच्या एलरॉनशी, म्हणजे विमान बाजूला कलवणाऱ्या पट्ट्यांशी, जोडून दिले होते. मोटारीसारखे एक चक्र फिरवले की झाले. आडव्या वाऱ्यात विमान तिरके, खेकड्यासारखे, खाली येई आणि तसेच तिरके टेके. टेकताच मात्र ते आपोआप धावपट्टीच्या दिशेला वळून सरळ होई. कारण गुरुत्वमध्य आता मुख्य चाकांच्या पुढे होता, काठीचा ओळंबा झाला होता. ही साधी अदलाबदल अजोड होती, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पुढे दुसरीही एक वाट शोधली गेली: शेपटीचे चाक तसेच ठेवून मुख्य चाकांनाच थोडे बाजूला वळू द्यायचे, म्हणजे विमान तिरके टेकले तरी चाके सरळ धावतील. गुडइयरने बनवलेली अशी चाके काही सेस्ना विमानांना बसवूनही मिळत. ती वाट मागे पडली, नाकाच्या चाकाची वाट राजमार्ग झाली. पायपरने आपल्या शेपटीच्या चाकाच्या 'पेसर' विमानालाच नाकाचे चाक लावून 1951 मध्ये 'ट्राय-पेसर' काढले. सेस्नाने 170 या आपल्या विमानावर तोच प्रयोग करून 1956 साली सेस्ना 172 बाजारात आणले, आणि त्याच्या चाकांना 'लँड-ओ-मॅटिक' असे नाव दिले. उतरणे आपोआप होते, असे ते नावच सांगत होते. आजवर 44,000 हून अधिक 172 बनली आहेत. जगात दुसऱ्या कुठल्याही विमानाची इतकी संख्या नाही.

त्या नावातले अर्धसत्य पुढे महाग पडले. नाकाच्या चाकाचे विमान जमिनीवर स्थिर असते ते एका अटीवर: वजन मुख्य चाकांवर असले पाहिजे. वैमानिक जास्त वेगाने आला, विमान तरंगत राहिले म्हणून त्याने अधीर होऊन नाक खाली ढकलले, तर नाकाचे चाक आधी टेकते आणि मुख्य चाके हलकी राहतात. आता जमिनीला धरणारी जागा पुन्हा गुरुत्वमध्याच्या पुढे आली. म्हणजे नाकाच्या चाकाचे विमान त्या क्षणी शेपटीच्या चाकाच्या विमानाहूनही वाईट झाले, कारण धरायला एकच चाक आहे. इंग्रजीत याला चाकगाडा ढकलण्याची उपमा देतात: एका चाकावर तोललेला गाडा, आणि मागे सगळे ओझे. आडवा वारा असेल तर विमान त्या चाकाभोवती फिरते. रचनेने काठीचा ओळंबा केला होता, चुकीच्या हाताने ओळंब्याची पुन्हा काठी केली. वेगाचाही हिशेब इथे आठवावा. 50 नॉटऐवजी 60 नॉटवर टेकलेल्या विमानात 44 टक्के अधिक ऊर्जा असते, आणि ती सगळी ब्रेकने, टायरने किंवा, दुर्दैवाने, धावपट्टीबाहेरच्या खड्ड्याने शोषायची असते.

सेस्ना 172 च्या पुस्तिकेत 15 नॉटपर्यंतच्या आडव्या वाऱ्यात उतरवून दाखवल्याची नोंद आहे, लहान 152 च्या पुस्तिकेत 12 नॉटची. ही मर्यादा नाही, चाचणीच्या वैमानिकाने करून दाखवलेला आकडा आहे, हे बारकाईने वाचणाऱ्यालाच कळते. तो आकडा त्या वैमानिकाच्या पायांचा आहे, नवशिक्याच्या नव्हे. शिवाय हातांनीही काम करायचे असते: टेकल्यावर एलरॉन वाऱ्याच्या बाजूला वळवलेले ठेवायचे, आणि वेग उतरेल तसे अधिकाधिक वळवायचे, शेवटी अगदी टोकाला. विमान चालण्याच्या वेगावर आले तेव्हा हात पूर्ण वळलेला हवा. हे मनाच्या उलट जाते. संकट सरत आल्याची भावना हात ढिला करायला सांगते, वायुगतिकी तो आवळायला सांगते.

आता प्रशिक्षणाकडे पाहा. विद्यार्थ्याला उतरायला शिकवण्याची रूढ रीत म्हणजे सर्किट: धावपट्टीभोवती चौकोनी फेरी, टेकणे, लगेच पुन्हा उड्डाण. वैमानिक प्रशिक्षण चालणाऱ्या बारामतीसारख्या ठिकाणच्या आकाशात दिवसभर हीच आवर्तने चालू असतात, आणि जगभर हेच चालते. एका तासात अशा सात-आठ फेऱ्या बसतात, म्हणून ती किफायतशीर. पण तिच्यात काय शिकवले जात नाही ते पाहिले पाहिजे. चाके टेकली, विमान अजून वेगात आहे, रडर अजून जिवंत आहे, एवढ्यात थ्रॉटल पुढे जातो. वेग उतरत असताना हवेकडून जमिनीकडे नियंत्रण सोपवण्याचा जो टप्पा, तो प्रत्येक वेळी सुरू व्हायच्या आधीच कापला जातो. शंभर लँडिंग झालेल्या विद्यार्थ्याने ते शेवटचे सेकंद कदाचित वीस-पंचवीसदाच अनुभवलेले असतात, तेही बहुधा तासाच्या शेवटी, दमलेला असताना, आणि प्रशिक्षक चुकांची उजळणी सांगत असताना. नोंदवहीत मात्र शंभर लिहिलेले असते. सुरुवातीला सांगितलेला नियम शेपटीच्या चाकापुरता का होईना हे ओळखतो. रात्री प्रवासी न्यायचे असतील तर कुठल्याही विमानासाठी तो पूर्ण थांबण्याची अट घालतो. भर दिवसा, आडव्या वाऱ्यात, नाकाच्या चाकाच्या विमानासाठी ती अट का नसावी, याचे समाधानकारक उत्तर मला सापडत नाही.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे. अशा अपघातांत माणसे क्वचितच मरतात. छोट्या विमानांच्या अपघातांत लँडिंगचे अपघात संख्येने सर्वाधिक आणि प्राणहानीने अगदी थोडे असतात. मग हवेत ताबा सुटणे, ढगांत शिरणे, इंधन संपणे हे सोडून इथे वेळ का घालवावा? प्राणांची बरोबरी कशाशीच होत नाही, आणि हवेतल्या धोक्यांचा वेळ काढून इथे द्यावा असे मी म्हणत नाही. पण 'फक्त पत्रा वाकला' हे वर्णन खरे नाही. प्रोपेलर जमिनीला आपटला की इंजिन उघडून तपासावे लागते. इंजिन बनवणारेच तसे सांगतात. चार-सहा विमानांच्या प्रशिक्षण संस्थेत एक विमान महिनोनमहिने बंद पडणे म्हणजे कर्ज काढून शिकणाऱ्या कित्येक मुलामुलींचे तास अडणे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, धावपट्टीबाहेर 40 नॉटने गेलेले विमान थांबते कुठे, हे वैमानिकाच्या हातात नसते. तिथे सपाट गवत असले तर पत्रा वाकतो; नाला, भिंत किंवा दुसरे विमान असले तर हिशेब वेगळा होतो. कमी मृत्यूंचे श्रेय बऱ्याच अंशी मोकळ्या कडांना आहे.

दुसरा आक्षेप शेपटीच्या चाकाच्या चाहत्यांकडून उलट्या बाजूने येतो: सगळ्यांना आधी त्याच विमानावर शिकवा, म्हणजे पाय आपोआप तयार होतील. यात तथ्य आहे. अमेरिकेत अशा विमानासाठी प्रशिक्षकाची स्वतंत्र शिफारस लागते, आणि तिच्यात आडव्या वाऱ्यातले टेकणे आणि उडणे करून दाखवावेच लागते. फक्त 15 एप्रिल 1991 च्या आधीपासून अशी विमाने उडवणाऱ्यांना त्यातून सूट आहे. तरीही हा उपाय मला सरसकट पटत नाही. कठीण विमान कौशल्य घडवते तसे विमाने मोडतेही, आणि अनुभव असला की ते फिरत नाही असेही नाही. 20 मार्च 1937 रोजी हवाईतल्या ल्यूक फील्डवर, पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेल्या प्रसिद्ध वैमानिक अमेलिया इअरहार्टचे इंधनाने भरलेले लॉकहीड इलेक्ट्रा उड्डाणाच्या धावेतच फिरले आणि त्याच्या चाकांचे पाय मोडले. तिथे ते जमिनीवरून वर जात होते, खाली येत नव्हते, आणि कारणांबद्दल मतभेद आहेत. पण ती नवशिकी मुळीच नव्हती. त्या मोडतोडीनंतर प्रदक्षिणेची दिशाच उलटी ठरवली गेली, आणि त्याच उलट्या वाटेवर जुलैमध्ये ती नाहीशी झाली. तेव्हा विमान बदलण्यापेक्षा सवय बदलणे मला अधिक शक्य वाटते.

तिसरा आक्षेप काळाचा आहे: यंत्र हे सगळे करील. करतेही आहे. 2020 मध्ये पायपर एम600 या विमानात 'ऑटोलँड' प्रणालीला अमेरिकेत मान्यता मिळाली. वैमानिक बेशुद्ध पडला तर प्रवाशाने एक कळ दाबायची, विमान स्वतः धावपट्टी निवडून उतरते. बारामतीच्या किंवा गोंदियाच्या प्रशिक्षण विमानात ती यायला अवकाश आहे, आणि ती आणीबाणीसाठी आहे. पण तिच्या अभियंत्यांनी उतरण्याची व्याख्या कुठवर नेली, हे पाहण्यासारखे आहे. चाके टेकल्यावर प्रणाली थांबत नाही. ती विमान धावपट्टीच्या मध्यरेषेवर ठेवते, ब्रेक लावते, ते पुरते थांबवते, आणि मग इंजिन बंद करते.

विद्यार्थ्यासाठी तेवढेच करायला खर्च फार नाही. सर्किटच्या दर तासात निदान दोन-तीन फेऱ्या पूर्ण थांबण्याच्या असाव्यात, त्या तासाच्या शेवटी नव्हे तर मध्ये, आणि वारा आडवा असलेल्या दिवशी मुद्दाम. प्रशिक्षकाने विमान पुरते थांबेपर्यंत बोलू नये, आणि विद्यार्थ्याचे पाय व एलरॉनचा हात थांबण्याच्या क्षणी कुठे होते ते पाहावे. नोंदवहीत टेकलेली आणि थांबलेली लँडिंग वेगळ्या रकान्यांत लिहावीत. टॅक्सी करत, म्हणजे जमिनीवरून हळू चालवत, धावपट्टीच्या टोकाला परत यायला मिनिटे जातात, त्यामुळे सात-आठ फेऱ्यांच्या जागी पाच-सहा होतील. लांब धावपट्टीवर तर तेही नको: मध्येच पुरते थांबून, उतरताना खाली केलेले पंखांचे फ्लॅप वर घेऊन, उरलेल्या लांबीत पुन्हा उडता येते.